दांडपट्ट्यासाठी सोडलेली गोळी

बाबा, उद्या माझी दाढ काढायची आहे आणि निम्मं गाझियाबाद मला सल्ले देतंय. दाताचा डॉक्टर म्हणाला, "मॅडम, खून पतला करनेवाली गोली चार दिन छोड दीजिए, बस." मी म्हटलं, "हमारे घर में एक बार छोडी थी, डॉक्टरसाहब. पेशंट अभी तक लौटा नहीं." तो हसला, मी हसले नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासलं आणि लिहूनच आणलं : गोळी चालू ठेवून दाढ काढा. तो कागद त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तो हसायचा थांबला.

लहानपणच्या सांध्यांच्या तापानं तुमच्या हृदयाची झडप खाल्ली, पुढे माझीही. लोकांना वडिलांकडून फ्लॅट मिळतात. तुमची नवी, धातूची झडप शांत खोलीत टिकटिकायची, आणि फौजेतून निवृत्त होऊनही तुम्ही सातच्या ठोक्याला गोळी घ्यायचात. पण त्या संक्रांतीला पानिपतात, काला अंबच्या युद्धस्मारकापाशी, मराठी मंडळींसमोर दांडपट्टा फिरवायचा मान तुमचा होता. पात्याचा ओरखडा उठला तर रक्त थांबायचं नाही, म्हणून चार दिवस आधीपासून गोळी बंद. पानिपतावर मराठ्याचं रक्त पुन्हा सांडायचं नाही, असा तुमचा बाणा.

नाहीच सांडलं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. परतल्यावर तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तुम्ही छाती धरून खाली बसलात. इस्पितळातला डॉक्टर चक्रावला, "नसें तो बिल्कुल साफ हैं!" जन्मभर तूप टाळल्याचं एवढं सर्टिफिकेट मिळालं. झडपेवर धरलेली गुठळी सुटून हृदयाच्याच रक्तवाहिनीत जाऊन बसली होती. लांब जायचीही तसदी तिनं घेतली नाही.

उद्या मी गोळी घेऊनच खुर्चीत बसणार. नंतर तासभर बोळा दाताखाली दाबून तोंड मिटून राहीन; घरच्यांना तेवढाच आराम. आई अजून म्हणते, "कुणाला विचारलं का त्यांनी? सगळा मनाचा कारभार!" मी मान डोलावते. म्हणून हे पत्र तिच्या हाती लागण्याआधी फाडायला हवं. विचारलं होतंत तुम्ही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, मला. मी पेपरासाठी माझं सदर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "चार दिवसांनी काय होतंय, बाबा?"