दयाळूपणाचा बिल्ला उतरवण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, रत्नागिरी.

विषय : माझ्या मुलीस छळणाऱ्या विद्यार्थिनीला दिलेला ‘दयामित्र’ बिल्ला काढून घेणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांशी समक्ष झालेले बोलणे, दि. १३ ऑगस्ट.

महोदय,

सविनय कळविते की, माझी मुलगी वेदिका आमच्या वाडीजवळच्या विद्यालयात सातवीत शिकते. माझ्याबरोबर तीही हौसेने उपास धरते. गेल्या अंगारकीला मधल्या सुट्टीत वर्गातील तेजस्वी व तिच्या मैत्रिणींनी वेदिकाचे हात धरले, तिच्या साबुदाण्याच्या खिचडीत सुकट कालवली आणि तो घास तिच्या तोंडात कोंबला. वर, “काय गो देवीबाय, नैवेद्य गोड लागत नाय काय?” असे विचारून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “ताई, मुलींची मस्करी ती. सुकटच होती ना, विष तर नव्हतं?” मी हात जोडून घरी आले.

शाळेत तेव्हा दयाळूपणा सप्ताह चालू होता. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ‘दयामित्र’ म्हणून तेजस्वीचेच नाव पुकारले. तिचे वडील शाळा समितीवर आहेत, एवढे आपण समजून घ्यावे. बिल्लाही सरांनी वेदिकाच्याच हातून तिला लावून घेतला. त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘रुसवा संपला!’ आता वेदिका शाळेत पाऊल टाकायला तयार नाही.

तरी विनंती की,

१) बिल्ला प्रार्थनेच्या वेळी, सर्वांसमोर, वेदिकाच्या हाताने उतरवावा. फोटो त्याच ग्रुपवर टाकावा. खाली काय लिहायचे ते मी सांगेन.

२) तेजस्वीने माफी मागू नये. माफी मागून ती मोकळी होईल, आणि माझ्या मुलीला ‘असू दे’ म्हणावे लागेल.

३) मुख्याध्यापकांचा गुरुवारचा उपास कडक असतो. येत्या गुरुवारी त्यांच्या फराळात चमचाभर सुकट कालवून, “विष नाही, सर,” एवढेच म्हणण्याची लेखी परवानगी मला मिळावी. आमच्या घरी श्रावणात सुकट नसते. शेजारून मागून ठेवली आहे.

कोणाचे वाईट चिंतायचे नाही असा माझा नेम आहे, म्हणून न्याय तेवढा मागते. शनिवारी गुरव ग्रामदेवीपुढे आमचे गाऱ्हाणे घालणार आहेत. तेजस्वी लेकरू आहे, तिचे नाव त्यात देणार नाही. सरांचे दिले आहे. शुक्रवारपर्यंत वरीलपैकी काही झाले नाही, तर आपलेही द्यावे लागेल. देवीपुढे अर्धवट नाव चालत नाही. तरी आपले संपूर्ण नाव, वडिलांचे नाव व मूळ गाव या अर्जाच्या पोचपावतीवर स्वच्छ अक्षरात लिहून मिळावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
सौ. अक्षया गौरव कळंबटे
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : ग्रुपवरील फोटोची प्रत.