गणित लव्होनियाचं

हंट्सव्हिल, अलाबामा
रविवार

प्रिय लव्होनिया,

चर्चमधून आले ती टोपीसुद्धा न काढता लिहायला बसलेय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. इथे तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

कृष्णवर्णीय महिला अभियंत्यांचा सत्कार करणाऱ्या समितीने मला पदक जाहीर केलंय. कशासाठी, तर टाकीतलं इंधन हिंदकळून रॉकेट डोलायचं, ते थांबवणाऱ्या टाकीच्या आतल्या गोल कड्यांच्या गणितासाठी. ते गणित तुझं गं! मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर शेपटीच्या पंखांवरचा वाऱ्याचा दाब काढत होते. समितीला माहिती दिली आपले तेव्हाचे वरिष्ठ हॉलिससाहेब यांनी, म्हणजे घोळ कुठे झाला ते आलंच. वर्षानुवर्षं ते मला लव्होनिया म्हणायचे आणि तुला अर्नेस्टीन. तू ताडमाड, मी जेमतेम तुझ्या खांद्याला लागणारी. तू गव्हाळ, मी काळीकुळकुळीत. तरी त्यांना फरक दिसेना. आपण पोट धरधरून हसायचो. "आज तू मी हो, साहेबांच्या बैठकीला जा, तोवर मी तुझा डबा संपवते," असं तूच म्हणायचीस. आता त्या हसण्याचीही मला चीड येते.

समितीच्या बाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "किती विनयशील आहात हो तुम्ही!" मी फोन आपटला.

आणि तू काय म्हणतेस? "घे गं बाई, दोघींपैकी एकीला मिळालं ना? त्यांना काय कळतंय!" त्यांनी तुझी बढती नाकारली तेव्हा टेबल आवरून तू दूर मोबील शहरात निघून गेलीस, त्या लोकांचा तुला उबग आलाय, सगळं मला मान्य. पण ते तुला विसरले म्हणून तूही स्वतःला पुसायला निघालीस, हे मी खपवून घेणार नाही.

तर ऐक. शनिवारी सत्काराच्या समारंभात माझं नाव पुकारलं की मी वर जाणार आणि माइकवर तुझं नाव घेणार. पण नुसतं नाव घेऊन भागायचं नाही. म्हातारी विनयाने बोलतेय म्हणून टाळ्या वाजवतील आणि पदक माझ्याच हातात कोंबतील. म्हणून तू मला तिथे हवीस, माझ्या शेजारी, उंच टाचांचे बूट घालून. शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात येतेय, तयार राहा. त्यांना एकदा डोळ्यांनी बघू दे, की आपण दोन बायका आहोत.

तुझीच,
अर्नेस्टीन