पेटी सतरामधला काळा भुंगेरा

२ मार्च
साहेबांनी बोलावलं. संग्रहालयाचा कीटक विभाग महिनाअखेर बंद, तुम्ही तिकीट खिडकीवर, म्हणाले. मी बरं म्हणालो. काही वाटलं नाही. आपल्याला पटकन काही वाटत नाही, हा प्लस पॉइंट.

संकल्प : महिन्याभरात आपला काळा भुंगेरा पुन्हा शोधायचा. बत्तीस वर्षांपूर्वी याच इमारतीमागे मी एक पकडला होता. जगात नोंद तेवढीच. पेटी सतरात टाचणीवर आहे, खाली चिठ्ठीवर माझं नाव. दुसरा सापडू दे, मग विभाग बंद करायची कुणाची टाप आहे बघू.

५ मार्च
आवारात कप पुरून सापळे लावले. सगळ्यांत मुंग्या. वॉचमन म्हणतो, चहाचे कप मातीत कशाला घालता. अडाणी.

९ मार्च
सापळे बघितले नाहीत. गुडघा. शिवाय भुंगेऱ्यालाही वेळ द्यायला हवा.

१३ मार्च, सकाळी ११
सापडला! पेटी सतराच्याच झाकणाच्या फटीत, जिवंत! काखेत कळसा नि गावाला वळसा. जरा तांबूस आहे. बारीकही आहे. लहान असेल. पंख फुटल्यावर भुंगेरे वाढत नाहीत हे मला माहीत आहे, पण अपवाद असतात.

पेटीतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या. पाहुणा मरायला नको.

बायको म्हणाली, असले आपल्या पिठाच्या डब्यात ढिगाने निघतात. हिला ऑफिसचं सांगत नाही ते यासाठीच.

१८ मार्च
फटीतून सात मोजले. कुटुंब आहे! फोटो विद्यापीठात एक कीटकतज्ज्ञ बाई आहेत, त्यांना पाठवले. साहेबांना म्हटलं, जरा थांबा. पेटी अजिबात उघडायची नाही, असं ठरवलं. त्यांना डिस्टर्ब नको.

२७ मार्च
बाईंचा फोन. पिठातला किडा आहे म्हणाल्या. तुमच्या काळ्याचा भाऊबंदच, पण घरोघरी असतो. वाळलेले कीटकही फस्त करतो, पेटीत डांबरगोळ्या आहेत ना?

आहेत, म्हणालो.

२८ मार्च
पेटी उघडली. टाचणी आहे. चिठ्ठी आहे. मध्ये थोडी भुकटी.

झाकण लावलं. डबा खाल्ला.

३१ मार्च
साहेब यादी करायला आले. पेटी सतरात नग किती, विचारलं. मी एक म्हणालो. त्यांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघितलं, मग माझ्याकडे. यादीत 'एक' लिहिलं आणि पुढच्या पेटीकडे गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.