टेपचं दुसरं टोक

मंगळवार, ११ मार्च
पाणीपुरवठा विभाग, नकाशांची खोली

प्रिय छोट्यास,

ताईचे आशीर्वाद. चाळिशी उलटली तरी तू छोट्याच, त्याला माझा इलाज नाही.

आईचा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळत बसू नकोस, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घे. ती कुरकुर करेल, करू दे. धाकटीची परीक्षा संपली असेल. तिला सांग, आत्याने रंगीत पेन्सिली आणून ठेवल्यात, पण न्यायला स्वतः यायचं. माझं ठीक. जेवते, झोपते, ऑफिसला येते. तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. संध्याकाळी तुझ्या कापड रंगवायच्या शेडच्या दाराखालून सरकवून जाईन. दार वाजवणार नाही. मागच्या वेळी वाजवलं तेव्हा काय झालं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि तुझ्या कामगारांनाही.

आमच्याकडे नवे अभियंता साहेब आलेत. वयाने तुझ्याहून लहान, पण डोळ्यात तेल घालून बघणारे. खालच्या आळीतली सतरा मुलं पोटदुखीने दवाखान्यात गेली, तेव्हा त्यांनी तळ्याकाठच्या पंपाच्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. अहवालात तुझे रंग निघाले. म्हणजे रंग निघाले. तुझे, हे मी म्हणतेय. तिथल्या लव्हाळीचे शेंडे जांभळे पडलेत ते तूही रोज बघत असशील. गेल्या साली मी त्यात चाळीस घरटी मोजली होती, या वर्षी तीन.

तुझ्या शेडला नोटीस नाही, कारण नकाशावर ती हद्दीबाहेर आहे. पालिकेचा ठराव तुला तोंडपाठ आहे: तळं काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर चढतं, तिथे पांढरा दगड; दगडापासून शंभर मीटरच्या आत पाणी नासवणारा धंदा नको, लव्हाळीला हात लावायचा नाही. तुझी शेड शंभर मीटर आणि वर दोन हात. असं नकाशा म्हणतो. नकाशावर सही माझी आहे.

साहेबांनी मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर साधा प्रश्न विचारला. त्याआधी काही वर्षं तळं भरलंच नव्हतं, पण गेली दोन वर्षं ते भरलं की पांढरा दगड पाण्यात बुडतो. जो दगड पाण्याची शेवटची मर्यादा दाखवायला पुरलाय, तो बुडतोच कसा? मी पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

मग दगडाची मूळ जागा शोधायला जुनी वही काढली. त्यात लिहिलंय, “मोठ्या झाडापासून साठ पावले.” झाड कधीच पडलं, आणि पावलं कुणाची ते लिहिलेलं नाही. धन्य ते लिहिणारे.

शेवटी सगळं चावीकाकांवर आलं. ते आमच्याकडे पाण्याच्या चाव्या सोडतात, तुला माहीतच आहेत. लहानपणी तू त्यांच्या सायकलच्या मागे पळायचास. दगडाला दरवर्षी चुना लावायचं कामही त्यांचंच. साहेब म्हणाले, इतकी वर्षं चुना लावता आणि दगड हलला हे दिसलं नाही? की कुणाकडून काही घेऊन तुम्हीच हलवला? शुक्रवारी त्यांना घरी बसवलं. निघताना माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं आता बोलणार, शिव्या घालणार. ते म्हणाले, “दगड जमिनीतून जास्तच वर आलेला वाटला होता मला. पण बाईंनी मोजलंय म्हटल्यावर बरोबरच असणार, म्हणून चुना लावून टाकला.”

छोट्या, त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मघाशी जेवते म्हणून लिहिलं ते खोटं.

सहा वर्षांपूर्वीची मोजणी आठवते ना? आमचा शिपाई रजेवर होता आणि तू माझा डबा द्यायला आला होतास. मी म्हटलं, आलाच आहेस तर टेपचं दुसरं टोक धर. तू दगडापाशी जाऊन उभा राहिलास. आधी तो दगड माझ्या गुडघ्याएवढा असायचा. त्या दिवशी मांडीला लागत होता. खड्डा घाईत खणलेला, उथळ. खालचा मातीने माखलेला पट्टा वर आला होता, त्यावर चुना नव्हता. मी बघितलं. तूही बघितलंस की मी बघितलं. टेप ताणून धरलीस आणि म्हणालास, “ताई, आकडा सांग.” मी आकडा सांगितला, आणि लिहिलासुद्धा.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की माझी नजर चुकली. चुकली नव्हती. आदल्या रात्री आई म्हणाली होती, “तुझ्या एका रेघेवर त्याचं सगळं उभं राहणार आहे.” आणि बाबा गेल्यावर तू शाळा सोडून रंगाच्या हंड्यात हात घातलेस, म्हणून माझ्या हातात पेन्सिल आली, हे मी कसं विसरू? तुझ्या नखांतला निळा रंग अजून जात नाही. मला वाटलं, फिटेल. अशी फेड खालच्या आळीतल्या लेकरांनी का करायची, हा विचार तेव्हा मनात आला नाही. किंवा आला होता.

तीन आठवड्यांपूर्वी मी तुला समजवायला आले होते. तू म्हणालास, “दगड बोलत नाही ताई, तू बोललीस तरच.” खरं आहे.

आज सकाळी मी साहेबांना लेखी दिलं. दगड हलवलेला होता, मला तो दिसला आणि मी तरीही मोजणी केली. चावीकाकांचा काही दोष नाही. कुणी हलवला, ते लिहिलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ज्याने हलवला तो सांगेल. माझी नोकरी बहुधा जाईल. आईला तू सांगू नकोस, मी सांगेन.

पण नुसत्या माझ्या कागदाने काकांची सुटका होत नाही. साहेब म्हणतात, दगड मुळात कुठे होता ते दाखवल्याशिवाय हद्द बदलता येणार नाही, आणि चौकशीही मिटणार नाही. ती जागा जगात एकाच माणसाला माहीत आहे. नवी रेघ पडली की शेड हलवावी लागेल, घर राहील. तू माझा राग राग करशील. कर. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता, आणि जास्त आरडाओरडा करून.

गुरुवारी सकाळी दहाला तळ्यावर मोजणी आहे. साहेब असतील, चावीकाकांनाही बोलावलंय. मला अजून कामावरून काढलेलं नाही, त्यामुळे टेप माझ्याच हातात असेल. मी शेडच्या भिंतीपाशी उभी राहीन, शून्याचं टोक धरून.

दुसरं टोक धरायला ये. या खेपेला आकडा तू सांग.

वाट बघणारी,
तुझी ताई