धाकटा काटा

जालना, ता. ४ जुलै १९३७

तीर्थरूप लिंबाजी दाजींना बन्सीधरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

इथल्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. सुईण म्हणते तसं अक्काचं पोर आडवं असलं तर कळा लागताच रेल्वेनं इकडं आणा, घरी सुटका नको, असं त्यांनी बजावलंय. मी तर म्हणतो आजच आणा. पण आठव्यात बाईनं गाव सोडू न्हाई म्हणतात तुमच्या आई, तिथं माझं काय चालणार! रेल्वे पिंगळीला सकाळी सव्वाआठला येते. पावणेआठला घर सोडा. त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ पाठवलंय.

तुम्हाला ते कळायचं न्हाई, म्हणून नर्मदीला शिकवा. भाकरीवर धाटाचे दोन काटे मांडा. धाकटा काटा ज्या आकड्याजवळ, तितके वाजले. मोठा तीनवर तर सव्वा, सहावर साडे, नऊवर पाऊण तास वर. माझी भाची हुशार आहे. सर्वांना नमस्कार.

आपला, बन्सीधर

पिंगळी, ता. १५ जुलै

चि. बन्सीधर यास लिंबाजीचे आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. नर्मदीनं तुझं पत्र पाठ केलंय. सव्वापाच झाले, च्या ठेवा, म्हणून दिवसभर हुकूम सोडायली. आई म्हणती, सूर्य काय मेला का? मला तर ते काटे बघून भवंड येती. तुझी अक्का लय हसती, पण पाय सुजलेत. मला भ्या वाटायलंय. माया असू दे.

लिंबाजी

पिंगळी, ता. २९ जुलै

चि. बन्सीधर,

तार मिळाली असंल. मंगळवारी सारजा, तुझी अक्का, गेली. पोरबी गेलं.

पहाटं कळा सुरू झाल्या. आभाळ भरलेलं, दिस दिसंना. बैल जुंपले. नर्मदीला घड्याळ बघाय लावलं, तर पावणेनऊ म्हणली. दोनदा बघून तेच म्हणली. रेल्वे गेली म्हणून बैल सोडले. परभणीच्या दवाखान्याच्या वाटंवर वढ्याला पूर, मग सुईणीला बोलावलं. सारजाला निजवलं अन् थोड्या येळानं टेसनावर शिट्टी झाली. पुन्हा बैल जुंपस्तोवर रेल्वे सुटली. दुपारी सगळं संपलं.

आई पोरीला म्हणती, आईला खाल्लंस. मीबी मारलं तिला, बन्सी. तवापासून ती घास घेईना, बोलंना.

लिंबाजी

जालना, ता. २ ऑगस्ट

दाजी,

पत्र मिळालं. नर्मदीनं घड्याळ बघितलं तेव्हा पावणेआठच वाजले होते. पाऊण झाला की धाकटा काटा पुढच्या आकड्याला जाऊन भिडतो. तो आठाच्या पुढं सरकल्याबिगर आठ धरू न्हाईत, हे मी लिहिलंच न्हाई. पोरीनं मामाचा शब्द न् शब्द पाळला. बारा वर्षं इथल्या मदरशात, सरकारी शाळेत, शिकवतोय, आग लागो त्या शिकवण्याला! अक्का माझ्या हातानं गेली.

शनिवारी येतोय. भाचीच्या पाया पडायची आपली रीतच आहे. ह्या खेपेला तुमच्या आईंसमोर, गावासमोर पडेन अन् चूक कुणाची ते सांगेन. तोवर हे पत्र नर्मदीला वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. मग तिला दूध पाजून बघा.

लोभ ठेवा असं लिहायला हात धजत न्हाई. तो तिच्यावर ठेवा.

बन्सीधर