असाहेलच्या नावाची चिठ्ठी

वेदरली, ११ मार्च १७८८

ति. एलिफलेटदादास,
मेहिटेबलचा सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी साय घुसळत होते. हे बॉस्टनला निघायचे होते, घोडी दारात उभी होती. यांनी माझ्या हातातला दांडा काढून घेतला, तू जरा बस म्हणाले, आणि स्वतःच घुसळत राहिले. थंडीने लोणी काही येईना.

गावाने यांना आपला प्रतिनिधी म्हणून तिथल्या घटनासभेला बजावून पाठवलं होतं, की नव्या राज्यघटनेत अधिकाऱ्यांना ख्रिस्ती श्रद्धेची शपथ घ्यायला लावा. यांनी तिथे शपथेविरुद्ध मत दिलं. परतले ते छातीत कफ घेऊनच, आणि महिन्याच्या आत गेले.

आता विहिरीवर बायका म्हणतात, लंडनच्या तत्त्वज्ञांची पुस्तकं वाचून असाहेलने देव सोडला. चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून यांनी कधी श्रद्धेची साक्ष दिली नाही, म्हणून तीस वर्षं प्रभुभोजनही घेतलं नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक. रविवारी आमच्या चर्चमध्ये यांच्या स्मरणाचं प्रवचन पाद्री म्हणून तू करणार. काय बोलणार ते कळव. जिवाला चैन नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
मेहिटेबल

स्टोनब्रिज, १३ मार्च

चि. मेहिटेबल हीस अनेक आशीर्वाद.

आई म्हणायची, ही पोर मेंढ्यांपेक्षा पुस्तकंच जास्त राखते. तेव्हा हसलो, आता काळजी वाटते.

शेवटच्या घटकेला असाहेलने माझ्याजवळ साक्ष दिली, असं मी सांगणार आहे. खोलीत आपण दोघंच होतो. तू तोंड मिटून बस म्हणजे झालं. तुला त्या गावात एकटीने दिवस काढायचे आहेत, बाई. प्रार्थनेची चिठ्ठी तेवढी चर्चच्या कारभारी डीकनकडे दे. शोकाच्या घरची चिठ्ठी मी प्रवचनाआधी सगळ्यांपुढे जशीच्या तशी वाचतो. नेहमीचे चार शब्द लिही, शहाणपणा नको.

तुझा काळजीवाहू भाऊ,
एलिफलेट

वेदरली, १७ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

काल चर्चमध्ये तू माझी चिठ्ठी लांब धरलीस, मग जवळ धरलीस, जणू अक्षर लागत नाही. माझं अक्षर तूच घोटून घेतलेलं आहेस. पण वाचलंस, की असाहेलची विधवा प्रार्थना मागते, त्यांनी अखेरपर्यंत कुणापुढे साक्ष दिली नाही, ते देवाशी एकटेच बोलत. मग प्रवचनाचं शेवटचं पान तू घडी करून खिशात घातलंस. डीकनची बायको बाकावर दूर सरकली. सरकू दे.

अठरा वर्षांची असताना मी साक्षीला उभी राहिले, तेव्हा डीकनने एकच प्रश्न तीनदा विचारला. मी रडले. हे मागच्या बाकावर होते. माणसाचं मन चारचौघांत उलटंपालटं करून बघायचा हक्क देवाने कुणाला दिलेला नाही, असं हे लग्नानंतर म्हणाले. तत्त्वज्ञ पुष्कळ नंतर आले, त्यांनी फक्त शब्द पुरवले. त्या सकाळी साय घुसळताना यांनी एवढंच विचारलं, की तुला तो दिवस आठवतो का. मी हो म्हटलं, आणि हे निघाले.

रागावला असलास तरी पत्र टाक.
तुझी मेहिटेबल

ता. क. आधी सांगितलं का नाहीस, असं विचारशील. तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. दोन चिठ्ठ्या फाडल्या, तिसरी ठेवली. दुसऱ्या दिवशी गाय पिळली, काळा झगा घातला आणि चिठ्ठी डीकनच्या हातात दिली.