जे मोडलंय तेवढंच

आदरणीय तिया इसिंग,

आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावतो (पत्रातून लागतो तेवढा). गुडघे काय म्हणतायत? तो आगाऊ कोंबडा अजून मध्यरात्रीच आरवतो का? आम्ही सेबूत ठणठणीत आहोत, आणि तुमचा हा भाचा तर सध्या जमिनीपासून चार बोटं वर चालतोय.

गेल्या सिनुलोगच्या जत्रेला दुमागेतेहून येताना तुम्हाला बोटीत रात्रभर वेताच्या टोपलीवर बसावं लागलं होतं. दोष आमच्या कचेरीच्या तिकीट-सॉफ्टवेअरचा. ज्येष्ठांची सवलत दिली की ते बिछाना द्यायलाच विसरायचं. यंदा जत्रेआधी त्याची छोटी दुरुस्ती सोडायची ठरली, आणि तिच्यात काय घ्यायचं नि काय नाही हे ठरवायचं काम आमच्या आन्सेल्मो सरांनी माझ्या गळ्यात मारलं. नियम सोपा: मोडलंय तेवढंच नीट करायचं, नवं काही घुसवायचं नाही.

पण आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. कोणी बोटीने निघालं असं कळलं, की अख्खी गल्ली 'पाडाला'ची गाठोडी घेऊन दारात: एवढं माझ्या बहिणीला पोचवा, एवढंसं मुलाला. (मागे तुमच्याच पिशवीतून शेजारणीचं शिलाई मशीन आलं होतं.) दुरुस्ती निघतेय म्हटल्यावर कचेरीतही तेच सुरू झालं. गेल्या खेपेला भिडेखातर सगळ्यांचं एवढंएवढंसं आत घेतलं, तर धक्क्यावरच्या तिकीटखिडक्या सकाळभर ठप्प! म्हणून यंदा मी हटून बसलो. जाहिरातवाली मारिबेल भाजलेल्या डुकराचं ताटभर लेचोन घेऊन आली (कातडी काय कुरकुरीत होती, तिया!). मी निमूट खाल्लं.

"दोंग, बाळा, तिकीट निघालं की जत्रेचे ढोल वाजायला हवेत. एवढंसंच आहे रे, कोपऱ्यात मावेल."

"मारिबेल मानांग, ढोल मोडलेत का?"

"ढोल नाहीतच, तर मोडतील कसे?"

"मग पुढच्या मोठ्या आवृत्तीत."

ती ताट उचलून तरातरा निघून गेली, पण तोवर ते रिकामं झालं होतं.

मग खुद्द आन्सेल्मो सर आले (माझ्या लग्नात साक्षीला उभे राहिलेले, त्यांना नाही म्हणायचं म्हणजे काय, कल्पना करा). म्हणाले, "बटणाचा हिरवा रंग मोडलाय."

"मोडलाय म्हणजे, सर?"

"बघवत नाही, म्हणजे मोडलाच की!"

डोळ्यांपुढे तुम्ही आणि ती टोपली उभ्या राहिलात. म्हटलं, "सर, हिरव्या बटणापायी कुणाची म्हातारी रात्रभर ताटकळत नाही." सर म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी." तिया, जिंकलो मी!

सोमवारी दुरुस्ती सुटली. एकही खिडकी अडली नाही. म्हातारी मंडळी बिछान्याच्या नंबराचं तिकीट नाचवत धक्क्यावर मिरवतायत. ते बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू!

तुमचा विजयी भाचा,
दुलोय

ता.क. यंदा जत्रेला येताना केळीच्या पानातली गोड भाताची बुडबुड आणा. थोडी मारिबेलसाठीही (लेचोनला जागायला हवं). सरांना तिकडची सिल्वाना बिस्किटं फार आवडतात. आणि आमच्या घरमालकिणीच्या बहिणीचं एक गाठोडं आहे. एवढंसंच आहे, कोपऱ्यात मावेल.

ता.क. २. तुमचं तिकीट मी उत्साहाच्या भरात दुरुस्तीच्या आदल्याच दिवशी काढलं, त्यामुळे त्यावर बिछाना नाही. बदलायला गेलो, तर बोटीत एकही शिल्लक नाही, सगळे ज्येष्ठांनी भरलेत. (काम किती पक्कं झालंय बघा!) तेव्हा ती टोपली आठवणीने आणा. सामानही राहील, बसताही येईल.